पुढच्यास ठेच, पण सांगितली तरच

अमेरिकेत रायफलची काडतुसे घरीच भरण्याचा छंद अनेकांना असतो. झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच साफ करायचे, मूळ मापात आणायचे, बुडाला नवी टोपी बसवायची, आत तोलून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. दारूचे वजन ग्रेनमध्ये होते. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. आपल्याकडे विनापरवाना काडतुसे बनवणे हा गुन्हा असल्याने हा छंद आपला नाही. त्यात होणारी एक चूक मात्र अगदी आपली आहे.

ती घडते अशी. आदल्या दिवशी पिस्तुलाची काडतुसे भरलेली असतात. ती झटकन जळणारी दारू मापयंत्रात तशीच उरते किंवा तिचा डबा टेबलावरच राहतो. दुसऱ्या दिवशी रायफलची काडतुसे भरताना तीच दारू कवचात जाते. कित्येक दारू दिसायला सारख्याच असतात. वजन काट्यावर बरोबर भरते, हातही सराईत असतो. चुकतो फक्त डबा. .३०८ विंचेस्टरसारख्या रायफलमध्ये योग्य दारूनेही दर चौरस इंचाला ६० हजार पौंडांच्या घरात दाब निर्माण होतो. तेवढ्याच वजनाची झटकन जळणारी दारू असेल, तर बंदूक हातातच फुटू शकते. माणूस नशीबवान असेल, तर आवराआवर करताना त्याला डब्यावरचे नाव दिसते आणि घाम फुटतो. मग भरलेले प्रत्येक काडतूस उघडून रिकामे करावे लागते.

अशा वेळी पहिले वाक्य तोंडात येते ते ‘यापुढे नीट लक्ष देईन’ हे. हा निश्चय प्रामाणिक असतो आणि जवळजवळ निरुपयोगी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये ‘ह्यूमन एरर’ या ग्रंथात चुकांची फोड करून दाखवली. नियोजनच चुकणे वेगळे आणि बेत बरोबर असून हातून भलतेच होणे वेगळे. हा दुसरा प्रकार नवख्यापेक्षा सराईताला जास्त भोवतो, कारण सवयीचे काम हात करतात आणि मन दुसरीकडे असते. लक्ष कायम जागे राहील या भरवशावर रचलेली कामाची पद्धत कधी ना कधी दगा देणारच.

म्हणून जाणती मंडळी निश्चय नव्हे, मांडणी बदलतात. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपले की मापयंत्र रिकामे करायचे आणि दारू मूळ डब्यात परत. गोळी बसवण्याआधी सगळी कवचे ओळीने उभी करून विजेरीने आत डोकवायचे. काहीजण तर कवच जवळपास भरून टाकणारीच दारू निवडतात, म्हणजे चुकून दोनदा ओतली तर ती बाहेर सांडते. चूक स्वतःच ओरडून सांगते.

आता हेच टेबल रुग्णालयात आणून पाहा. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. त्याची कुपी मात्र इतर साध्या कुप्यांसारखीच दिसते. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेतील रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली. तिचा गाभा ‘परिचारिकांनी काळजी घ्यावी’ हा नव्हता. ती कुपी वॉर्डातून हलवा, हा होता. टेबलावरचा दुसरा डबा उचलण्याचाच हा प्रकार.

आपल्याकडे चूक उघडकीला आली की काय होते? एक परिचारिका किंवा निवासी डॉक्टर निलंबित होतो, चौकशी समिती नेमली जाते, नातेवाइकांचा संताप ओसरतो. सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या मात्र त्याच कपाटात शेजारी शेजारी राहतात. याहून मोठे नुकसान म्हणजे, थोडक्यात टळलेली चूक कोणी सांगतच नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा हे खरे. पण पुढच्याने ठेच लपवली तर मागचा शहाणा होणार कसा? अमेरिकेत वैमानिकांच्या अशा नोंदी १९७६ पासून नासाकडे जातात, शिक्षा करणाऱ्या खात्याकडे नव्हे, आणि नावे काढून त्या सर्वांना वाचायला मिळतात. आपल्या प्रत्येक रुग्णालयात अशी निर्भय नोंदवही हवी.

याचा अर्थ बेफिकिरीला माफी असा नव्हे. नियम ठाऊक असून धुडकावणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण दमल्या हाताची नजरचूक आणि मुजोरी यांना एकाच मापाने मोजले, तर लोक शिकत नाहीत, लपवायला शिकतात.

आणि आज घरी एवढे करा. शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले फिनेल, टूथपेस्टशेजारची उंदीर मारायची पेस्ट, डोळ्यांच्या थेंबांजवळची गोंदाची छोटी बाटली शोधा आणि आत्ताच जागा बदला. ‘लक्षात ठेवू’ म्हणू नका.