आडनाव विचारणारी आकाशगंगा

‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांमध्ये एक वाद कित्येक वर्षे धुमसतो आहे. रे नावाची मुलगी नेमकी कुणाची? २०१५ साली ‘द फोर्स अवेकन्स’ आला. जक्कू नावाच्या वाळवंटी ग्रहावर भंगार वेचून त्या बदल्यात मोजके अन्न मिळवणारी ही मुलगी पडद्यावर आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिची कुळी शोधायला सुरुवात झाली. ल्यूक स्कायवॉकरची मुलगी, ओबी-वान केनोबीची नात, हान आणि लेया यांची हरवलेली लेक, सम्राट पॅल्पाटीनची वंशज असे नाना तर्क लढवले गेले. तर्क वेगवेगळे, पण त्यांच्या मुळाशी गृहीतक एकच. अंगात एवढी शक्ती आहे, म्हणजे घराणे मोठे असलेच पाहिजे!

‘सिनेमाच तर आहे, एवढे काय मनावर घ्यायचे?’ असे आमचे काही मित्र म्हणतील. पण माणसाची लायकी कुठून येते, या प्रश्नाचे उत्तर पोरे धर्मग्रंथांपेक्षा आज पडद्यावरूनच जास्त शिकतात. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. आमच्या मुलांनी कुठेही नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘पूर्ण नाव सांग.’ म्हणजे आडनाव सांग. म्हणजे कोणातला ते सांग. त्यामुळे आकाशगंगेतल्या भंगारवालीलाही हाच प्रश्न विचारला जातो तेव्हा आम्ही ‘करमणूक’ म्हणून मान फिरवू शकत नाही.

आधी इतिहास पाहू. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात ‘फोर्स’ ही सर्व सजीवांतून निर्माण होणारी, सगळ्या विश्वाला बांधून ठेवणारी शक्ती होती. म्हणजे ती सार्वजनिक होती. १९८० मध्ये कळले की खलनायक डार्थ व्हेडर हाच ल्यूकचा बाप. १९८३ मध्ये कळले की लेया ही ल्यूकची बहीण. अख्ख्या आकाशगंगेची लढाई एका घरात येऊन बसली. १९९९ च्या ‘द फँटम मेनस’ने तर कळसच केला. फोर्स किती आहे ते रक्ताच्या तपासणीवरून ठरू लागले. मिडी-क्लोरियन नावाचे सूक्ष्मजीव सर्वांच्याच पेशींत असतात, पण कुणात कमी, कुणात जास्त. अनाकिनच्या रक्तात ते वीस हजारांहून अधिक, खुद्द योडापेक्षाही जास्त! श्रेष्ठत्व रक्तात असते, या जुन्याच समजुतीला प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवला, एवढेच.

तेव्हा पुष्कळ चाहते चिडले होते. फोर्सचे गूढ घालवले म्हणून त्यांनी मिडी-क्लोरियनची टिंगल केली. पण त्याच चाहतावर्गात पुढे रेची वंशावळ मागणारे एवढ्या मोठ्या संख्येने निघाले. रक्ताचे मोजमाप नको, पण रक्ताचा दाखला हवा. ही कसली विसंगती?

२०१७ मध्ये रायन जॉन्सन या दिग्दर्शकाने ‘द लास्ट जेडाय’मध्ये सरळ उत्तर दिले. रेचे आईबाप कुणीच नव्हते. भंगाराचा धंदा करणारे, दारूच्या पैशांसाठी पोर विकणारे. शेवटी एक तबेल्यात राबणारा पोरगा दाखवला. तो हात पुढे करतो आणि झाडू आपोआप त्याच्या हातात येतो. आमच्या मते या चित्रमालिकेतला सर्वांत मोठा क्षण हाच. झाडू हातात असलेल्या मुलाकडेही ती शक्ती आहे, असे कुणीतरी स्पष्टपणे दाखवले. त्या चित्रपटावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, ती जरूर करावी. पण ‘रे कुणीच नाही’ म्हणजे आपली फसवणूक झाली, असे ज्यांना वाटले त्यांनी स्वतःला विचारावे : नेमके काय हिरावले गेले? एक कथासूत्र, की जन्मश्रेष्ठत्वाचा आधार?

२०१९ च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये माघार घेतली गेली. रे ही पॅल्पाटीनची नात निघाली. तिचे सामान्य आईबापही सामान्य नव्हतेच, तिला लपवण्यासाठी त्यांनी सामान्यपण पांघरले होते! आपल्याकडे कर्णाचे हेच झाले. सूताच्या घरी वाढलेल्या पोराचे शौर्य पचत नाही, म्हणून त्याला सूर्याचा मुलगा आणि क्षत्रिय कन्येच्या पोटचा ठरवले, की व्यवस्था निर्धास्त झोपते.

यावर एक युक्तिवाद केला जातो, त्याला उत्तर दिले पाहिजे. ‘दुष्ट रक्ताची असूनही रे चांगुलपणा निवडते, म्हणजे कथा रक्ताच्या विरोधातच आहे ना?’ अर्धे खरे आहे. तिचे चारित्र्य रक्ताने ठरत नाही, हे चित्रपट म्हणतो. पण तिचे सामर्थ्य रक्तातूनच आले, हेही तोच म्हणतो. आणि शेवट काय होतो? टॅटुईनवर एक म्हातारी तिला नाव विचारते. ती ‘रे’ म्हणते. तेवढ्याने भागत नाही. रे कोण, असा पुढचा प्रश्न येतो. आणि रे उत्तर देते : स्कायवॉकर. एक घराणे नाकारले, दुसरे धारण केले. नुसती ‘रे’ म्हणून ताठ उभी राहण्याची मुभा तिला मिळालीच नाही.

‘पण कॅननमध्ये तसेच आहे,’ हे चाहत्यांचे शेवटचे शस्त्र. कॅनन म्हणजे प्रमाण मानलेली कथा. ती प्रमाण कोण ठरवतो? डिस्नेने २०१२ मध्ये चार अब्ज डॉलरहून अधिक मोजून लुकासफिल्म विकत घेतली. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाले की आधीच्या कादंबऱ्या, कॉमिक्स यांचा सगळा विस्तार आता ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा. ल्यूकची बायको मारा जेड एका घोषणेत प्रमाणाबाहेर गेली. रेची भूमिका करणाऱ्या डेझी रिडलीने २०२० मध्ये सांगितले की तिचे कूळ काय, हे करणाऱ्यांचेच बदलत होते. आधी ओबी-वानशी नाते, मग कुणीच नाही, मग पॅल्पाटीन. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले होते की जात मोडायची तर शास्त्रांचे प्रामाण्य मोडावे लागेल. सिनेमा म्हणजे शास्त्र नव्हे, हे आम्हालाही कळते. पण ‘लिहिले आहे म्हणून खरे’ ही सवय एकच आहे, आणि ती कुठेही मुरली तरी घातकच.

या वादाची किंमत जिवंत माणसांनी मोजली. यंत्रांची डागडुजी करणाऱ्या रोझची भूमिका केली म्हणून केली मरी ट्रान या आशियाई वंशाच्या अभिनेत्रीवर वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी शिव्यांचा एवढा मारा झाला, की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या आपल्या पोस्ट काढून टाकल्या. पुढच्या चित्रपटात रोझची भूमिका नावापुरती उरली. फिनची भूमिका करणाऱ्या जॉन बोयेगाने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले, की कृष्णवर्णीय पात्रांना जाहिरातीत पुढे केले आणि कथेत बाजूला सारले. फिनला तर जन्माचे नावही नाही, फक्त एफएन-२१८७ हा क्रमांक. कुटुंबातून ओढून नेलेल्या या सैनिकाची बॅकस्टोरी तीन चित्रपटांत कुणाला पूर्ण करावीशी वाटली नाही.

आणि श्मी? अनाकिनची आई. गुलाम बाई. अनाकिनला बाप होता की नव्हता, यावर चाहत्यांनी रात्री जागवल्या. पण जेडाय पोराला सोडवून घेऊन गेले आणि आईला गुलामीत ठेवून गेले. तिची सुटका पुढे एका शेतकऱ्याने केली, न्यायाच्या रक्षकांनी नव्हे. यावर किती वाद झडले? बॅकस्टोरी हवी असेल तर ही मागा.

चाहत्यांनो, वाद जरूर घाला. पण कुणाची मुलगी, कुणाचा नातू, हे आता पुरे झाले. गुलाम का होते, भंगार वेचायला कुणी लावले, तबेल्यातल्या पोरांचा मालक कोण, हे विचारा. या प्रश्नांची उत्तरे शोधायला कुणाच्याही रक्ताची तपासणी लागत नाही.