किती वाजता पोचणार?



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी गुडघ्याने असहकार पुकारला होता. पण आजचं लिखाण गुडघ्याबद्दल नाही, विमानाबद्दल आहे. आणि थोडंसं आपल्या नातेवाईक मंडळींबद्दल. (त्यांनी आधी वाचावं, मग रागवावं.)

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. नोकरी कॉम्प्युटरची, वेड विमानाचं. लायसन्स काढून त्याला आता सात वर्षं झाली. क्लबाकडून तासाच्या भाड्याने विमान घेतो आणि उडतो. चार खुर्च्यांचं, एका इंजिनाचं पायपर आर्चर. येत्या सप्टेंबरात माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, सत्तर पूर्ण होतील. तो वाढदिवस एल्बा बेटावर करायचं ठरलंय. बाकीची मंडळी रेल्वेने आणि बोटीने येणार. भाचा, सूनबाई आणि मी मात्र त्या छोट्या विमानातून.

एल्बा म्हणजे सिसिली आणि सार्डिनियानंतरचं इटलीचं तिसरं मोठं बेट. नेपोलियनला १८१४ साली इथेच धाडलं होतं, आणि दहा महिन्यांच्या आत तो निसटलाही. बेट डोंगराळ आहे. मरिना दि काम्पो गावाजवळ एक छोटी धावपट्टी आहे, मोठी जेट विमानं तिथे येत नाहीत. इंग्लंडहून वळसे धरून साधारण १,५०० किलोमीटर. हे विमान ताशी २०० किलोमीटरने जातं. नुसता भागाकार केला तर साडेसात तास. पण हा प्रवास नुसत्या भागाकाराचा नाही, हे मला गेल्या चार महिन्यांत समजलं.

दर रविवारी व्हिडिओवर आमची शिकवणी असते. यावेळी शिक्षक तो आणि विद्यार्थिनी मी. पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, वजन किती?" मी नेहमीप्रमाणे दोन किलो कमी सांगितलं. "इथे लाजायचं नाही हं," म्हणाला आणि हिशेब मांडला. उड्डाण करताना एकूण वजन सुमारे ११५७ किलोच्या वर जाता कामा नये. रिकामं विमानच साडेसातशेच्या आसपास. उरले चारशे. टाक्या पूर्ण भरल्या तर साधारण १८० लिटर इंधन, त्याचे १३० किलो. राहिले २७०. त्यात माणसं, बॅगा, लाइफ जॅकेटं आणि रबरी तराफा. म्हणजे खुर्च्या चार असल्या तरी चार माणसं सामानासकट मावतीलच असं नाही. मी मुकाट्याने खरं वजन सांगितलं आणि लाडू-चिवड्याचा डबा यादीतून काढला.

कागदपत्रं वेगळीच. माझा भारतीय पासपोर्ट, म्हणून शेंगेन व्हिसा हवा. ब्रिटनमधून निघण्याआधी ४८ ते २ तासांच्या दरम्यान प्रवाशांची माहिती तिथल्या सरकारला कळवायची, २०२४ पासून हा नियम आहे. फ्रान्समध्ये पहिल्यांदा उतरायचं तेही जिथे पासपोर्ट तपासणारा माणूस असेल तिथेच. आम्ही ले तुके हे किनाऱ्यावरचं गाव धरलंय.

पण माझं मन रमलं ते नकाशात. तीस वर्षं भूगोल शिकवला. स्थानिक वारे या धड्यात फळ्यावर लिहायची, 'मिस्ट्रल : थंड, कोरडा, ऱ्होन नदीचे खोरे, फ्रान्स.' एका मार्काचा प्रश्न. आता कळतंय की तो एक मार्क काय चीज आहे! एका बाजूला फ्रान्सचं मध्यवर्ती पठार, दुसऱ्या बाजूला आल्प्स, त्या फटीतून हा वारा समुद्राकडे धावतो. सुटला की कित्येकदा दिवसचे दिवस थांबत नाही. आमची वाट नेमकी त्याच खोऱ्यातून आहे.

पुढे समुद्र. कान शहरावरून सरळ कॉर्सिका बेटाकडे गेलं तर पाण्यावरून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. दहा हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर हे विमान तरंगत साधारण २५-३० किलोमीटर जाऊ शकतं. म्हणजे मधला बराच पट्टा असा, की मागचाही किनारा हाती नाही आणि पुढचाही. म्हणून भाच्याने लांबची वाट धरलीय. जेनोआवरून इटलीचा किनारा धरून खाली यायचं आणि प्योम्बिनोजवळून समुद्र ओलांडायचा. तिथे बेट जमिनीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. दिवसाच्या उड्डाणाला नियमाने अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक हवं, हा पठ्ठ्या एक तासाचं ठेवतो. एल्बाला उतरता आलं नाही तर पिसाला जायचं, त्याचं इंधन आणखी वेगळं.

त्याच्या वहीतली एक गोष्ट मला सगळ्यात आवडली. प्रत्येक टप्प्याच्या पानावर वर लिहिलंय, 'कुठून परत फिरायचं.' ढग किती खाली असले तर, किती वाजून गेले तर, वारा किती असला तर. हे सगळं आधी, घरी, चहा पिताना ठरवायचं. वर गेल्यावर माणसाचं मन वकिली करायला लागतं, म्हणाला.

आता मूळ मुद्दा.

आमच्या कौटुंबिक ग्रुपवर शनिवारी दुपारी एकचं जेवण ठरलंय. आम्ही उतरताना बहिणीने धावपट्टीबाहेर उभं राहायचं, व्हिडिओ काढायचा, वगैरे. आणि रोज कोणीतरी विचारतं, "किती वाजता पोचणार?"

दोन वर्षांपूर्वी भाचा असाच निघाला होता. मिस्ट्रलमुळे ल्योंच्या अलीकडे दोन दिवस अडकला आणि शेवटी परत फिरला. ग्रुपवर त्याची काय टिंगल झाली! त्यात माझाही मेसेज होता. 'एवढा खर्च करून शेवटी घरीच!' वर हसरा चेहरा. आज तो मेसेज आठवला की मान खाली जाते. त्या दिवशी पोराने अगदी बरोबर तेच केलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हसलो.

१६ जुलै १९९९ ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा जॉन, बायको आणि मेव्हणीला घेऊन स्वतः छोटं विमान चालवत मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाला होता. दुसऱ्या दिवशी चुलत बहिणीचं लग्न होतं. रात्र, समुद्रावर धुरकट हवा. विमान समुद्रात कोसळलं, तिघंही गेले. अंधारात आणि धुरकट हवेत दिशेचं भान हरपून विमानावरचा ताबा सुटला, असं चौकशीत निघालं. लग्नाला कोणी दोष दिला नाही, आणि अहवालापेक्षा मी शहाणी नाही. पण पलीकडे मांडव घातलेला असताना 'आज राहू दे, उद्या सकाळी जाऊ' म्हणणं किती जड जातं, ते मला माहीत आहे.

कारण मी ते म्हटलं नव्हतं. १९८७ च्या ऑगस्टमध्ये नाट्यस्पर्धेला मुलं घेऊन निघाले होते. भाड्याची मॅटेडोर, अठरा मुलं. वाटेतल्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. ड्रायव्हर थांबला, माझ्याकडे बघितलं. पलीकडे स्पर्धा, मुलं मेकअप करून बसलेली, मुख्याध्यापकांना शब्द दिलेला. मी म्हटलं, "चला." पाणी चाकाच्या वर आलं होतं. पोचलो, दुसरं बक्षीस मिळालं, सत्कारही झाला. काही झालं नाही. पण काही झालं नाही म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. ती अठरा तोंडं आजही कधी कधी रात्री समोर येतात.

आमचे दादा म्हणतात, "अगं, वैमानिक खमका हवा. चार लोकांच्या बोलण्याने डळमळणाऱ्याने उडूच नये." मुद्दा खरा आहे, जबाबदारी त्याचीच. पण खमक्या माणसाच्या खांद्यावर मुद्दाम पोतं कशाला ठेवायचं? आपल्या अपेक्षांचं वजन त्या ११५७ किलोंत कुठेच धरलेलं नसतं. आणि ज्याला अमुक वाजता पोचायचंच आहे त्याने प्योम्बिनोहून बोट धरावी, तासाभरात बेटावर. छोटं विमान हे वेळ हाताशी असणाऱ्याचं वाहन आहे.

म्हणून मी बहिणीशी बोललो... नव्हे, भांडले. शेवटी असं ठरलं. आम्ही दोन दिवस आधीच निघणार. जेवण एकलाच, आमच्यासाठी कोणी थांबायचं नाही. धावपट्टीबाहेर स्वागत नाही. वाटेत अडकलो तर रेल्वे आणि बोट, तेही नाही जमलं तर केक घरी आल्यावर. विमानात तिघांपैकी कोणीही "परत" म्हटलं की परत, कारण विचारायचं नाही. आणि ग्रुपवर वेळ विचारायची नाही. विचारायचंच तर विचारा, "आज कुठे मुक्काम?"

बहीण आधी रुसली. मग म्हणाली, "ताई, मला वाढदिवसाला मुलगा हवाय, विमान नकोय." झालं की मग!

आपल्या घाटात पाटी असते ना, 'अति घाई संकटात नेई'. ती चालवणाऱ्यासाठी लावलेली असते. माझं म्हणणं इतकंच, की तिची एक प्रत घरी वाट बघणाऱ्यांच्या भिंतीवरही असावी.

सप्टेंबरनंतर लिहीनच. पोचलो तर एल्बाबद्दल, नाही पोचलो तर ल्योंबद्दल. दोन्ही लेख तितक्याच आनंदाने वाचा, म्हणजे झालं.