थांबलेले पाळणे

गोराईचे एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद पडले, तेव्हा रत्नागिरीसारख्या दूरच्या गावीही अनेकजण हळहळले. १९८९ साली सुरू झालेल्या या उद्यानाने शालेय सहलीची कल्पनाच पालटली होती. लाँचने खाडी ओलांडावी, उंच पाळण्यात जीव मुठीत धरून बसावे आणि कोकणातल्या उकाड्यात वाढलेल्या मुलाने खऱ्याखुऱ्या बर्फावर घसरून पडावे, याचे अप्रूप मोठे होते.

परंतु पाळणा रिकामा फिरला तरी वीज, देखभाल आणि पगार यांचा खर्च चुकत नाही. नवलाई मात्र ओसरत जाते. शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम आले, २०१३ मध्ये खोपोलीला इमॅजिका. ग्राहक नव्याकडे वळणारच. त्यात महानगराच्या वेशीवरची जमीन! तिच्या भावापुढे मुलांच्या किंकाळ्यांना किती मोल उरणार?

मालकाने हिशेब पाहिला, यात वावगे काही नाही. वावगे आहे ते आपले वागणे. मुलांचे खेळणे आपण तिकीटखिडकीच्या स्वाधीन केले आणि सार्वजनिक बागेतील गंजलेल्या घसरगुंडीकडे पाठ फिरवली. गोराईच्या फाटकावर आपला हक्क नव्हता, बागेवर आहे. तिच्या देखभालीसाठी यंदा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात किती रुपये ठेवले आहेत, हे हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांनी विचारले?