गाडीचे गुडघे कुठे मिळतात?

काय दोस्तांनो, आज सुरुवातच एका प्रयोगाने करू या. सपाट जागेवर उभी असलेली घरची चारचाकी गाडी निवडा. शेजाऱ्यांची असेल तर आधी परवानगी घ्या बरं का! आता बाबांना, काकांना किंवा ताईला गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोरात दाबून चटकन हात काढून घ्यायला सांगा. तुम्ही बाजूला उभं राहून नुसतं मोजायचं. कोपरा वर आला, किंचित खाली बसला आणि थांबला, तर ठीक. पण तो पाळण्यासारखा तीन-चार वेळा झुलत राहिला, तर समजा की गाडीचे गुडघे दुखायला लागलेत!

गाडीला कुठले आले गुडघे, असं म्हणताय ना? सांगतो. ओट्यावरून उडी मारली की आपले गुडघे आपोआप वाकतात. ते वाकले नाहीत तर धक्का थेट डोक्यापर्यंत जाईल. गाडीची चाकं आणि तिचं अंग यांच्यामध्ये हेच काम करणारी जी रचना असते, तिला सस्पेन्शन म्हणतात. तिच्यातले तीन मुख्य गडी लक्षात ठेवा.

पहिली स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते आणि धक्का झेलते. पण झेललेला जोर ती परत देते, म्हणून एकटी असली तर नाचतच राहते.

तिला आवरणारा दुसरा गडी म्हणजे शॉक अब्सॉर्बर. सुई नसलेल्या नव्या सिरिंजमध्ये पाणी भरून दट्ट्या हळू ढकला, मग जोरात ढकला. जोरात ढकलताना पाणी कसं अडतं, ते हाताला जाणवेल. शॉक अब्सॉर्बरच्या नळीत पाण्याऐवजी तेल असतं आणि ते बारीक छिद्रांतून ये-जा करतं. त्यामुळे स्प्रिंगचा नाच लवकर थांबतो.

तिसरा गडी अगदी छोटा, तो म्हणजे बुश. लोखंडाच्या दोन नळ्या एकात एक आणि मधे रबर. धातूवर धातू आपटू नये, खडखड होऊ नये आणि सांधा हवा तेवढाच हलावा, हे त्याचं काम.

आता यात खरी काळजीची गोष्ट कोणती? पाठ दुखते, ही तर आहेच. पण त्याहून मोठी अशी, की चाक रस्त्याला घट्ट चिकटून राहिलं तरच ब्रेक लागतो आणि गाडी वळते. नाचणारं चाक अर्धा वेळ हवेत! आणि सांधाच निखळला, तर चाक कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नाही. म्हणून रेडिओ बिघडलेली गाडी चालवता येते, पण सस्पेन्शन बिघडलेली चालवू नये.

नव्या गाडीचं सोपं असतं. दुकानात जायचं, भाग आणायचा, बसवायचा. पण तुमच्यापैकी काहींच्या घरी, नाहीतर ओळखीच्या एखाद्या आजोबांकडे, अजून जुनी ‘फियाट’ जपून ठेवलेली असेल. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी तयार व्हायची. १९७० च्या दशकात तिचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की डोळ्यांपुढे येते तीच ही! नवं शतक उजाडता उजाडता तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन हात असतात आणि गोल वेटोळ्याची स्प्रिंग असते. मागे मात्र बैलगाडीच्या धुऱ्यासारखा आडवा आस आणि त्याखाली-वर एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या. त्यांना आपले मिस्त्री ‘पाटे’ म्हणतात. या सगळ्याच्या सांध्यासांध्यांत रबरी बुश. त्यातला एखादा गेला, की आजोबा दुकानात जातात आणि दुकानदार मान हलवतो, “काका, हा माल आता येत नाही.” मग घरात चर्चा सुरू होते : “द्या आता भंगारात!”

थांबा! भंगारात द्यायच्या आधी एक साधं काम करायचं. हवा असलेला भाग तीन डब्यांपैकी कुठल्या डब्यात बसतो, ते ठरवायचं. ‘जुना चालेल’, ‘नवाच हवा’ आणि ‘बनवून घेता येईल’. जुन्या गाडीचा भाग शोधण्याचं अर्धं काम इथेच होतं.

डबा पहिला : जुना चालेल. चाकाचे ते वरचे-खालचे हात घ्या. जाड पोलादाचे, पिढ्यानुपिढ्या टिकणारे. दुसऱ्या पद्मिनीचा हात वाकडा नसेल, गंजून पातळ झाला नसेल आणि त्याला तडा नसेल, तर तो पुन्हा वापरता येतो. पण केसाएवढा बारीक तडा डोळ्यांना दिसणार कसा? त्यासाठी एक झकास जुनी युक्ती आहे. भाग स्वच्छ करून त्यावर पातळ तेल लावायचं, थोडा वेळ थांबायचं, मग तेल कोरडं पुसून वर खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते! शंभरहून जास्त वर्षांपूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत असेच तडे शोधत असत. आज त्यासाठी लाल रंगाचं खास द्रव मिळतं, तत्त्व मात्र तेच. रेघ दिसली, की तो भाग बाद. वेल्डिंग करून ‘चालवून घेऊ’ म्हणायचं नाही.

डबा दुसरा : नवाच हवा. यात रबर येतं, शॉक अब्सॉर्बर येतो आणि झिजणारे सांधे येतात. इथे भलेभले फसतात. एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावरून दुकानदार धूळ झटकून पाकीट काढतो. आत नवाकोरा बुश, कधीच न वापरलेला! आजोबांचा चेहरा खुलतो. पण तुम्ही कपाटाच्या तळाशी पडलेलं जुनं रबरबँड ताणून पाहिलंय ना? कटकन तुटतं. वापरलं नाही तरी हवेने आणि उष्णतेने रबर म्हातारं होतच असतं. तसाच पंचवीस वर्षं पाकिटात राहिलेला बुश दिसायला नवा, वयाने मात्र आजोबांच्या गाडीएवढा! नखाने दाबून बघा. कडक लागला, चिरा दिसल्या, तर नमस्कार करून पाकीट परत द्या. पोलादाचा भाग असाच माळ्यावर सापडला, तर मात्र खरंच लॉटरी. गंज बघायचा आणि घ्यायचा.

डबा तिसरा : बनवून घेता येईल. हा डबा बघून पुष्कळ आजोबांना आनंद होतो. बुशची बाहेरची आणि आतली नळी लेथवर कातून मिळते आणि साचा करून त्यात नवं रबर भरून देणारे कारागीर असतात. मागचे पाटे बनवणारे तर ट्रकच्या कृपेने गावोगाव आहेत. बसलेल्या पाट्याला पुन्हा बाक द्यायचा किंवा तुटलेली पट्टी नवी करायची, हे त्यांचं रोजचं काम. पण एक लक्षात ठेवा. पाट्याचं पोलाद साधं नसतं. ते तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवावं लागतं. जास्त कडक राहिलं तर काचेसारखं तुटेल, मऊ राहिलं तर लगेच बसेल. म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्यायचं. आणि स्प्रिंग असो, पाटा असो की शॉक अब्सॉर्बर, बदलायचा तर डावा-उजवा दोन्ही. नाहीतर गाडी एका बाजूला कलेल.

आता शोधायचं कुठे? मुंबईत ऑपेरा हाउसजवळची सुट्या भागांची दुकानं, कुर्ल्याचा बाजार आणि प्रसिद्ध चोर बाजार, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट. जुनी फियाट जपणारी मंडळी इटलीतही आहेत, कारण पद्मिनी ही तिथल्या ११०० चीच बहीण. त्यामुळे तिकडचा एखादा भाग इकडे बसू शकतो. पण बहिणी-बहिणींचे कपडे नेहमीच एकमेकींना होतात का? नाही ना! म्हणून माप घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आणि इथेच, दोस्तांनो, तुमची गरज लागते. “फियाटचा बुश द्या” एवढं सांगून बाजारात काहीच मिळत नाही. पुढचा की मागचा? वरच्या हाताचा की खालच्या? गाडी कोणत्या वर्षाची? आतला व्यास किती, बाहेरचा किती, लांबी किती? मिस्त्रींनी काढलेला जुना भाग टाकून न देता घरी आणा. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तो व्हर्नियर कॅलिपर मिळाला तर उत्तम. मिलिमीटरमध्ये तीनदा माप घ्या, वहीत लिहा, शेजारी चित्र काढा. झिजलेल्या जागेचं माप घेऊ नका, न झिजलेल्या जागेचं घ्या. गाडीचं जुनं पार्ट्सचं पुस्तक घरात असेल तर त्यातून त्या भागाचा क्रमांक शोधून काढा. हा क्रमांक दिला, की दुकानदाराला तोच भाग नेमका शोधता येतो. तो मान हलवायच्या आधी एकदा तरी माळ्यावर चढतो!

आई-बाबांसाठीही दोन गोष्टी. नवे रबरी बुश बसवताना त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर उचललेली असताना शेवटचे आवळू नयेत. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळावेत. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि काम झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावं. मुलांनी मात्र उचललेल्या गाडीखाली अजिबात जायचं नाही. वेटोळ्याची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती निसटली तर बंदुकीच्या गोळीसारखी उडते. ते काम मिस्त्रींचंच.

आणि समजा, तिन्ही डबे धुंडाळूनही योग्य भाग मिळाला नाही तर? तर भलताच भाग ठोकून बसवण्यापेक्षा मिळेपर्यंत गाडी उभी राहू द्यावी. उभ्या गाडीने कुणाचा जीव जात नाही. जुन्या वस्तूवर प्रेम करायचं तर तिला थोडं थांबूही द्यावं लागतं. आणि कधी कधी दोन वर्षांनी, भलत्याच गावातल्या दुकानाच्या माळ्यावर नेमका हवा तो क्रमांक सापडतो. तो ओळखता यावा, म्हणून तर वही!

तर या आठवड्याचं काम : घरातली कुठलीही जुनी वस्तू निवडा. शिवणयंत्र, पंखा, मिक्सर, सायकल, काहीही. तिचा सहज न मिळणारा एक भाग शोधा, तो तीनपैकी कुठल्या डब्यात जातो ते ठरवा आणि माप घेऊन चित्रासह वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात भेटू या, तोवर हात काळे करा, पण जेवायच्या आधी धुवा बरं का!