ई-सिगारेटवरील बंदी : पुनर्विचाराची निकड

विजापूरच्या दरबाराहून परतलेल्या असदबेग या मोगल अधिकाऱ्याने सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबर बादशहापुढे ज्या भेटवस्तू मांडल्या, त्यांत एक सुशोभित नळी आणि थोडी तंबाखू होती. आग्र्याच्या दरबाराला ही वनस्पती तोवर अपरिचित होती. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले, तेव्हा हकिमाने हरकत घेतली. जिच्याविषयी आपल्या ग्रंथांत काहीच लिहिलेले नाही, आणि जिची परीक्षा झालेली नाही, अशी वस्तू बादशहांनी सेवन करणे युक्त नव्हे, असे त्याचे म्हणणे. जगातली प्रत्येक रूढी केव्हातरी नवीच होती, असे असदबेगाचे उत्तर. हा वाद असदबेगाने स्वतःच लिहून ठेवला आहे. दरबाराने हकिमाचे ऐकले नाही. सरदारांत तंबाखूचा प्रसार झाला, व्यापाऱ्यांनी ती विकावयास आरंभ केला, आणि पुढे १६१७ साली जहांगिराने काढलेले तंबाखूबंदीचे फर्मानही तो प्रसार थांबवू शकले नाही.

हकिमाचे म्हणणे खरे ठरले, हे निःसंशय मान्य केले पाहिजे. तंबाखूने या देशात जितके बळी घेतले तितके फार थोड्या साथींनी घेतले असतील. तेव्हा १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा व जाहिरात यांवर सरसकट बंदी घातली, त्या वेळी सरकार त्या हकिमाचीच भूमिका वठवीत आहे असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. वटहुकूमाच्या जागी आलेले विधेयक लोकसभेने २७ नोव्हेंबरला आणि राज्यसभेने २ डिसेंबरला संमत केले. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गुन्ह्याची पुनरावृत्ती झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे.

परंतु हकीम आणि संसद यांच्या परिस्थितीत एक मूलभूत फरक आहे, आणि सर्व वादाचे मर्म त्या फरकातच आहे. हकिमापुढे स्वच्छ हवा आणि धूर यांतून निवड करावयाची होती. २०१९ च्या संसदेपुढे तशी निवड नव्हतीच. विडी-सिगारेटचा धूर या देशाच्या प्रत्येक गावात चार शतके मुरलेला होता. सरकारच्याच २०१६-१७ च्या प्रौढांमधील तंबाखू-सेवनाच्या पाहणीनुसार सुमारे दहा कोटी प्रौढ धूम्रपान करीत होते, आणि ई-सिगारेट वापरणाऱ्यांचे प्रमाण अवघे ०.०२ टक्के होते. अशा समाजात एखाद्या नव्या वस्तूचा न्याय करताना ती निर्दोष आहे काय एवढाच प्रश्न विचारणे अपुरे होय. ती ज्या वस्तूची जागा घेऊ शकेल, तिच्याहून ती कमी घातक आहे काय, हाही प्रश्न विचारावा लागतो. संसदेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. दुसरा प्रश्न जवळजवळ विचारलाच नाही.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास वैद्यकशास्त्र अगदीच असमर्थ नाही. माणूस सिगारेट ओढतो ती निकोटिनसाठी, मात्र मरतो तो धुरातील डांबरामुळे, हा विचार मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ सालीच मांडला होता. पान जळते तेव्हा डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक द्रव्यांचा मोठा समूह फुप्फुसात जातो. ई-सिगारेटमध्ये ज्वलन नसते. निकोटिन मिसळलेला द्रव विजेच्या तारेने तापवून त्याची वाफ ओढली जाते. ही वाफ निरुपद्रवी नव्हे. निकोटिनचे व्यसन तिच्यात कायमच राहते, आणि ती दीर्घकाळ ओढल्याने काय होईल हे कळण्यास अजून काही दशके जावी लागतील. तथापि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, म्हणजे ज्या संस्थेने १९६२ साली धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध ब्रिटिश जनतेपुढे ठामपणे मांडला त्याच संस्थेने, २०१६ च्या अहवालात असे मत दिले की, या वाफेची दीर्घकालीन हानी सिगारेटच्या हानीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाण्याचा संभव कमी आहे. पाच या आकड्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि ते योग्यच आहेत. तो आकडा दुप्पट वा चौपट धरला तरीही विडी ओढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हिशेब बदलत नाही. त्याखेरीज २०१९ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते : ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षानंतर सिगारेटपासून मुक्त होते, निकोटिनचे च्युइंगगम, पट्ट्या इत्यादी दिलेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. वटहुकूम निघण्यापूर्वी सात महिने ही माहिती उपलब्ध होती.

त्या काळात वृत्तपत्रांत मात्र दुसरीच बातमी गाजत होती. अमेरिकेत वाफ ओढणाऱ्या तरुणांत फुप्फुसाचा एक गंभीर विकार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण इस्पितळांत दाखल झाले आणि ६८ दगावले. त्या भयाची छाया दिल्लीच्या निर्णयावर पडणे स्वाभाविक होते. पुढे तपासात प्रमुख दोषी आढळले ते व्हिटॅमिन ई अॅसिटेट. आणि ते मुख्यतः चोरट्या बाजारात मिळणाऱ्या, गांजाचा अर्क असलेल्या द्रवांत मिसळलेले होते. अर्थात नियंत्रणाबाहेरच्या मालाने जे केले, त्याचा दाखला देऊन येथे सर्वच माल नियंत्रणाबाहेर ढकलण्यात आला.

बंदीच्या समर्थकांचा सर्वांत बळकट आक्षेप मुलांविषयीचा आहे, आणि त्याला टाळून कोणालाही पुढे जाता येणार नाही. फळांच्या वासाचे द्रव, खेळण्यासारखी रंगीत साधने, शाळेच्या दप्तरात सहज लपणारा आकार या गोष्टी चाळिशीतल्या विडीवाल्यासाठी बनवलेल्या नाहीत, हे उघड आहे. न्यूझीलंडने २०२० साली कायद्याने ही वस्तू नियंत्रणाखाली विकण्यास वाव दिला. तेथे रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०१९-२० मधील सुमारे बारा टक्क्यांवरून चार वर्षांत सात टक्क्यांच्या आत आले, परंतु किशोरवयीनांत वाफेचे वेडही वाढले आणि त्या सरकारला निर्बंध कडक करावे लागले. पालकांची चिंता म्हणूनच खोटी नाही. प्रश्न एवढाच की, बंदीमुळे ती चिंता दूर झाली काय? भारतातील शहरांत ही साधने आजही पानटपरीच्या मागल्या फळीवर आणि परिचिताच्या परिचिताकडून मिळतात. दुकानदाराला परवाना रद्द होण्याचे भय नाही, कारण त्याला परवानाच नाही. तो गिऱ्हाइकाचे वय विचारीत नाही, आणि द्रवात काय आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. डिसेंबर २०२५ मध्ये तर एक सदस्य प्रत्यक्ष लोकसभेच्या सभागृहात ई-सिगारेट ओढीत असल्याची तक्रार दुसऱ्या सदस्याने अध्यक्षांकडे केली. तक्रार खरी की खोटी हा येथे विषय नव्हे. ती तेथे करावीशी वाटली, एवढे पुरे आहे.

मराठी वाचकाला यात अपूर्व असे काही वाटू नये. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि तिच्या पाठोपाठ हातभट्टी घरोघर पोचली. त्या पर्वाचा अवशेष म्हणून ‘परमिट रूम’ ही पाटी महाराष्ट्रातल्या मद्यालयांवर अद्याप झळकत असते. चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी २०१५ साली आली आणि अवैध व्यापार वाढल्याचे कारण देऊन २०२१ मध्ये उठली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि गुटखा कोठे मिळतो हे कोणत्याही एस.टी. स्थानकावर कोणीही सांगेल.

याहूनही बोचणारी गोष्ट निराळीच आहे. ज्या शासनाने वाफेवर कारावास ठेवला, त्याच शासनाच्या व्यापार मंत्रालयाखाली, १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेले तंबाखू मंडळ गुंटूर येथे तंबाखूची शेती आणि निर्यात यांचा प्रपंच सांभाळीत आहे. केंद्र सरकारचे बहुतांश भांडवल असलेले आयुर्विमा महामंडळ हे देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीच्या प्रमुख भागधारकांपैकी एक आहे. माणसाच्या आयुष्याचा विमा उतरवणाऱ्या संस्थेने ते आयुष्य आखूड करणाऱ्या धंद्याचा लाभांश घ्यावा, यावर अधिक भाष्य नको. आणि २०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. विडी कामगार स्त्रियांच्या पोटाचा प्रश्न त्यामागे आहे, हे खरे. सिन्नर, सोलापूर, निपाणी येथे पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळणाऱ्या बायांच्या मजुरीची चिंता शासनाने केलीच पाहिजे. परंतु विडी स्वस्त ठेवून ती करणे, आणि विडी सोडू पाहणाऱ्यासमोरचे एक दार त्याच वेळी कुलूपबंद करणे, यांची संगती लावणे कठीण आहे.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. भारतातील तंबाखूचे संकट मुख्यतः धुराचे नाही. त्याच पाहणीत तंबाखू चघळणारे वा मिसरी लावणारे प्रौढ २१.४ टक्के, तर धूम्रपान करणारे १०.७ टक्के आढळले. विदर्भातल्या खर्ऱ्यावर किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या माव्यावर वाफेचा उतारा नाही. विडी ओढणाऱ्या मजुराला आज हे साधन परवडणारही नाही. अर्थात चोरट्या बाजारातला भाव हा कोणत्याच वस्तूचा खरा भाव नसतो. ई-सिगारेटने देश व्यसनमुक्त होईल असे जो म्हणतो तो विक्रेता समजावा. मात्र सदर पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी तिघांत एकाहून अधिक जणांनी वर्षभरात ते सोडण्याचा यत्न केला होता असे दिसते, आणि त्यांतील बहुतेक पुन्हा विडी-सिगारेटकडेच परतले असणार. च्युइंगगम निष्फळ ठरलेल्या, खोकल्याने रात्र जागवणाऱ्या त्या माणसाला कायदा आज सांगतो की, तू सिगारेट ओढ, ती कोपऱ्यावरच मिळेल. तिच्याहून कमी घातक वस्तू तुला कोणी विकली तर तो तुरुंगात जाईल.

संसद-सदस्यांनी यास्तव दोन गोष्टी करणे अगत्याचे आहे. सध्याचा कायदा वापरणाऱ्याला स्वतंत्र शिक्षा सांगत नाही. ती जोडून कायदा अधिक कठोर करण्याची सूचना कोठूनही आली, तर तिला पक्षभेद विसरून विरोध करावा. आणि मूळ बंदीच्या जागी नियंत्रण आणणारे दुरुस्ती-विधेयक मांडावे. त्याचा आराखडा नव्याने शोधावयास नको. युरोपीय संघाने द्रवातील निकोटिनला दर मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ब्रिटनने एकदा वापरून फेकण्याची साधने १ जून २०२५ पासून बंद केली, पण प्रौढांना पुन्हा भरता येणारी साधने खुली ठेवली. ऑस्ट्रेलियाने विक्री औषधविक्रेत्यांपुरती मर्यादित केली, जरी तेथेही कडकपणामुळे चोरटा बाजार फोफावल्याची तक्रार आहे. फळांचे व मिठाईचे स्वाद, जाहिरात आणि शाळांच्या परिसरातील विक्री यांना थारा नसावा, आणि सिगारेट-कंपन्यांना या व्यवहारात सवलतीने शिरकाव मिळू नये. प्रत्येक द्रवाची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी व्हावी आणि कराचे उत्पन्न व्यसनमुक्ती केंद्रांना मिळावे.

२०१९ चे विधेयक कोणत्याही संसदीय समितीच्या छाननीवाचून संमत झाले होते. या वेळी ते आरोग्यविषयक स्थायी समितीकडे जावे, आणि समितीने छातीचे डॉक्टर, कर्करोग रुग्णालयांतील चिकित्सक, शाळांचे मुख्याध्यापक यांच्या साक्षी नोंदवाव्यात. विडी सोडण्याचा तीनदा यत्न करून हरलेल्या एखाद्या माणसालाही तिने साक्षीस बोलवावे. विधेयकावरील चर्चेत २०१९ साली त्याचा आवाज कोठेच नव्हता.