आधी कीर्द, मग खतावणी

फाइल जागेवर होती. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार ४८ केबी. उघडली तर आत एक अक्षर नाही. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा सहा महिन्यांचा हिशेब त्या फाइलीत होता आणि सेक्रेटरी काका माझ्याकडे असे बघत होते, जणू तो मीच खाल्ला. "एवढी मोठी फाइल दिसतेय, मग आतलं गेलं कुठे?" प्रश्न अगदी रास्त होता.

ही १२ ऑक्टोबर २०२० ची गोष्ट. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाइट एकदम गेली. कळवा-पडघे दरम्यानच्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. करोनामुळे तेव्हा घरोघरी ऑफिसं भरलेली. काकांनी नेमकं त्याच क्षणी सेव्ह दाबलं होतं.

एवढी मोठी लाइट क्वचितच जाते. पण आपल्याकडे छोटी लाइट जायला निमित्त लागत नाही. कल्याण-डोंबिवलीकरांनी तर भारनियमनाची वर्षं काढली आहेत. वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलेलं असायचं. आता वेळापत्रक नाही, त्यामुळे लाइट न सांगता जाते. पहिल्या पावसात फांदी तारेवर पडते, कुठे केबल जळते. म्हणून ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दुकानाची टॅली आहे, क्लासच्या मुलांची यादी आहे, लग्नाचे फोटो आहेत, त्या सगळ्यांशी हे बोलणं आहे.

सेव्ह दाबलं की अक्षरं लगेच डिस्कवर उमटतात असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. मेमरीच्या मानाने डिस्क संथ, म्हणून कॉम्प्युटर लिखाण आधी मेमरीत धरून ठेवतो आणि काही सेकंदांनी, सवडीने, खाली उतरवतो. डिस्कलाही स्वतःची छोटी मेमरी असते. तीही लिहायच्या आधीच 'झालं' म्हणून मोकळी होते. लाइट गेली की दोन्ही कोऱ्या.

शिवाय फाइल एका जागी लिहून भागत नाही. आतला मजकूर, नाव-आकार-तारखेची नोंद, आणि डिस्कवरचे कुठले कप्पे भरलेले नि कुठले मोकळे याचा तक्ता, अशा तीन ठिकाणी फेरफार करावा लागतो. दोन झाले आणि तिसऱ्याआधी लाइट गेली, तर नोंद म्हणते या कप्प्यात फाइल आहे आणि तक्ता म्हणतो कप्पा रिकामा. मग पुढची फाइल खुशाल तिथेच जाऊन बसते. 'फाइल करप्ट झाली' म्हणतात तेव्हा बरेचदा हे झालेलं असतं.

यावरची युक्ती आपल्या पेढ्यांवर फार पूर्वीपासून होती. व्यवहार झाला की आधी कीर्दीत लिहायचा, मग सवडीने खतावणीत चढवायचा. खतावणी करता करता कारकून मध्येच उठला तरी बिघडत नाही. परत आल्यावर कीर्द उघडायची, राहिलेल्या रकमा आपापल्या खात्यात घालायच्या. कीर्दीतलीच नोंद अर्धवट असेल तर ती सोडून द्यायची. आजची फाइल सिस्टिम हेच करते, आणि तिच्या त्या वहीला जर्नल म्हणतात, म्हणजे अक्षरशः रोजकीर्दच. विंडोजची एनटीएफएस १९९३ पासून कीर्द ठेवते. लिनक्समध्ये ती २००१ मध्ये मूळ गाभ्यात आली. विंडोज ९८ वर काम केलेल्यांना आठवेल, लाइट येऊन मशीन सुरू केलं की स्कॅनडिस्क अख्खी डिस्क तपासत बसायचा. तेवढ्यात चहा पिऊन व्हायचा. त्या डिस्कला कीर्द नव्हती, म्हणून पहिल्या पानापासून सगळं ताडून बघावं लागे.

मग काकांची फाइल का गेली? कारण ही कीर्द बहुधा नोंदींची आणि तक्त्याची असते, मजकुराची नाही. मजकूरही तिच्यात उतरवायचा तर सगळं दोनदा लिहावं लागेल आणि मशीन रखडेल. त्यामुळे लाइट आल्यावर नोंद सावरली, आकार ४८ केबी लागला, आणि मजकूर मात्र मेमरीतच विझून गेला होता. सेव्ह करताना प्रोग्राम अख्खी फाइल नव्याने लिहितो, म्हणून गेला तो शेवटचा आकडा नाही, सहाही महिने गेले. डिस्क धड ठेवणं हे फाइल सिस्टिमचं काम. तुमचा मजकूर धड राहील असं तिने कधीच कबूल केलेलं नाही, आणि आपण मात्र तेच गृहीत धरून बसतो.

(डोंबिवलीत दर मजल्यावर एक सॉफ्टवेअरवाला सापडतो, तेव्हा त्यांच्यासाठी दोन ओळी. जुन्या फाइलीवर थेट लिहू नका. नवी फाइल लिहा, एफसिंक करा, ते यशस्वी झाल्यावरच तिला जुनीचं नाव द्या. मधली पायरी गाळल्यामुळे शून्य आकाराच्या फाइली दिसू लागल्या, त्यावरून २००९ मध्ये एक्स्ट४ च्या थिओडोर त्सो यांच्याशी लोकांचा बराच वाद झाला होता.)

बाकीच्यांनी पहिल्यांदा यूपीएस घ्यावा. घरच्या एका कॉम्प्युटरला ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. तो तासभर काम करायला नाही, सेव्ह करून नीट शटडाऊन करण्यापुरता आहे. त्यावर सीपीयू आणि मॉनिटर एवढंच लावा. लेझर प्रिंटर चुकूनही नको, तो एकदम एवढी वीज ओढतो की यूपीएस मान टाकतो. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" असं पुष्कळ जण सांगतात. पंख्याला, ट्यूबला तो ठीक. पण साध्या मोडवर त्याला बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते तरी बघा. आणि ज्या लॅपटॉपची बॅटरी मेली आहे, जो फक्त प्लगवर चालतो, तो लॅपटॉप नव्हे. तो डेस्कटॉपच समजा.

लाइट न जाताही आपण रोज लाइट घालवतो, ते वेगळंच. संध्याकाळी फास्ट लोकल पकडायची असते, मशीन 'अपडेट चालू आहे' म्हणत असतं, आणि आपण टेबलाखाली वाकून स्विच बंद करतो. पॉवरचं बटण दाबून धरणं हाही तोच प्रकार. डिस्कला त्यातलं काहीच वेगळं कळत नाही.

पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं यांची तऱ्हा आणखी नाजूक. त्यांवर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते आणि तिला एनटीएफएससारखी कीर्द नसते. कॉपीची हिरवी पट्टी भरली म्हणून काम संपलं असं नाही. इजेक्ट करा, दिवा लुकलुकायचा थांबू द्या, मग ओढा. फोटोग्राफर मंडळींनी कॅमेऱ्याचा लाल दिवा विझेपर्यंत कार्डाला हात लावू नये. लग्न पुन्हा लागत नाही.

घात झालाच तर पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. मशीन सुरू होताना स्वतःहून डिस्क तपासू लागलं तर 'स्किप' करू नका, कीर्द वाचू द्या. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बंद करा आणि जाणत्या माणसाकडे न्या. पेनड्राइव्हने 'फॉरमॅट करायचं का?' विचारलं तर उत्तर नाही. दुरुस्ती चालवण्याआधी जे वाचता येतंय ते दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. चेकडिस्कला तुमच्या हिशेबाशी देणंघेणं नाही, तो डिस्क सरळ करतो आणि उरलेले तुकडे 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरात टाकून देतो. टॅलीचं रिराइट किंवा रिपेअरही आधी डेटाच्या फोल्डरची कॉपी काढल्यावरच. आणि पुराचं पाणी शिरलेलं मशीन सुरू करून बघायचा मोह आवरा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर असं चिखलातलं मशीन 'चालतंय का बघू' म्हणून सुरू केलेलं मी स्वतः पाहिलं आहे. चाललं नाही, आणि वाचली असती ती डिस्कही गेली.

बॅकअप सगळे करतात म्हणतात. कायम जोडलेली बाहेरची डिस्क हा बॅकअप नव्हे. विजेचा झटका आला तर दोन्ही एकदम जातील. गूगल ड्राइव्हवर फोल्डर सिंक असेल तर रिकामी झालेली फाइलही इमानेइतबारे वर चढते. तिथे जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात, तेवढ्यात मागे जाऊन काढता येते. आपण चाळिसाव्या दिवशी बघतो. म्हणून आठवड्याला एक कॉपी, दर वेळी तारखेच्या नावाने वेगळी, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्याच्या घरी. काकांचा बॅकअप नव्हता. आम्ही तिघांनी पावतीपुस्तकातल्या कार्बन कॉप्या उजेडात धरून सहा महिने पुन्हा लिहिले. तीन रात्री गेल्या आणि दोन फ्लॅटधारकांशी भांडण झालं ते निराळं.

तेव्हापासून काका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक फालतू फाइल उघडतात, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढतात आणि घड्याळ लावून बसतात. नव्या बॅटरीला त्यांच्याकडे बारा मिनिटं मिळाली होती. परवा तीन मिनिटांतच टीं टीं थांबली आणि पडदा काळा झाला. बॅटरी तीन वर्षांची होती. सोमवारी बदलली.