जमीन गहाण, आकाश उसने!

ज्या नगरीचा सर्वांत मोठा मेळा गुरू ग्रह सिंह राशीत केव्हा प्रवेश करतो यावरून ठरतो, त्या नगरीला खगोलशास्त्र परके वाटावे, यासारखा दैवदुर्विलास नाही. गुरूला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे ११.८६ वर्षे लागतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ या गतीवर उभा आहे. परंतु याच नाशिकमधील एखादा विज्ञान पदवीधर ‘मला खगोलशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे’ असे म्हणाला, की घरात दोनच प्रश्न उपस्थित होतात. परदेशात कोठे? आणि कर्ज किती? ही विद्या आपल्या देशात शिकता येईल काय, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

आमचा विरोध परदेशगमनाला नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. विद्येला सीमा नसतात. २०२१च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर हे स्वतः केंब्रिजचे विद्यार्थी होते. परंतु ते तेथे कसे गेले आणि पुढे त्यांनी काय केले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बनारस हिंदू विश्वविद्यालयाची पदवी घेऊन ते १९५७ मध्ये टाटा शिष्यवृत्तीवर गेले. तेथे फ्रेड हॉईल यांच्यासमवेत त्यांनी जगन्मान्य संशोधन केले. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक झाले. प्रकृतीमुळे त्यांना नाशिकच्या व्यासपीठावर येता आले नाही आणि २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. आपण त्यांचे केंब्रिज लक्षात ठेवले आणि त्यांचे परतणे विसरलो!

आता व्यवहाराचा मुद्दा. अमेरिकेत विज्ञानशाखेतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे शुल्क बहुधा विद्यापीठ भरते व त्याला निर्वाहवेतनही देते. केवळ एम.एस्सी. करणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा सारा खर्च स्वतःच करावा लागतो. म्हणजे ज्या पदवीसाठी आपण द्राक्षबाग गहाण ठेवतो, ती तेथील संशोधनाच्या जिन्याची पहिलीच पायरी असते, आणि त्या जिन्यावर चढणारे अनेक जण ती पायरी विकत घेतच नाहीत. उलट आयुका किंवा पुण्याचेच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र येथे पीएच.डी.साठी निवड झाली, तर संस्थाच विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देते. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ आणि इंदूरची आयआयटी येथे खगोलशास्त्राची एम.एस्सी.ही आहे. ही माहिती नाशिकच्या किती महाविद्यालयांच्या फलकावर लागलेली आहे?

‘पण आपल्याकडे दुर्बिणी कोठे आहेत?’ असे विचारणाऱ्यांनी एकदा पुण्याच्या रस्त्याने जावे. व्हिसाची कागदपत्रे घेऊन जाणारा नाशिकचा तरुण नारायणगाव ओलांडतो, तेव्हा जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आकाशाचा वेध घेत असते. जगभरचे खगोलवैज्ञानिक तिच्यावर निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून अर्ज करतात. ती उभारणारे डॉ. गोविंद स्वरूप स्टॅनफर्डहून डॉक्टरेट घेऊन १९६३ मध्ये मायदेशी परतले होते. लडाखमधील हान्ले येथे दोन मीटरची दुर्बीण आहे, २०१५ मध्ये ‘अॅस्ट्रोसॅट’ अवकाशात गेला आणि हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्र शासनाने २६०० कोटी रुपये मंजूर केले. हा न्यूनगंड आता कशासाठी?

अर्थात दोष केवळ पालकांचा नाही. या संस्थांतील जागा थोड्या आहेत, स्पर्धा तीव्र आहे, आणि अनेक महाविद्यालयांत भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा कशीबशी चालते, हे कटू सत्य आहे. महापालिकेने तारांगण उभारले, ते योग्यच झाले. परंतु तारे दाखविणे वेगळे आणि खगोलवैज्ञानिक घडविणे वेगळे. आर्यभट-भास्कराचार्यांचा जयजयकार करणाऱ्या आपल्यासारख्यांनीही स्वतःला विचारले पाहिजे, की त्या जयजयकारातून एका तरी विद्यार्थ्याचे वर्षाचे शुल्क भरले गेले काय?

भास्कराचार्यांच्या वारशाचे काय करावे, हे आपल्याच विभागातील एका शिलालेखाने सांगून ठेवले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला आणि १२०७ मध्ये निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दान दिले. बाजारातील खरेदी-विक्रीवरील कर आणि तेलघाण्यांचे तेल यांचा वाटाही त्या विद्येसाठी लावून दिला गेला. घाण्यावरचा तेलीसुद्धा खगोलविद्येचा आश्रयदाता होता!

आठशे वर्षांपूर्वीच्या एका लहान पेठेला जे जमले, ते कारखाने, द्राक्षबागा आणि सहकारी बँका असलेल्या नाशिकला जमू नये? दरवर्षी दोन विद्यार्थ्यांचा भार नगरीने उचलावा. त्यांनी पुण्यात शिकावे, इंदूरला शिकावे, गरज पडली तर केंब्रिजलाही जावे. मात्र जाताना त्यांच्या पाठीवर सावकाराचा हात नसावा, समाजाचा असावा. समाजाच्या ऋणाने गेलेल्याला परतण्याची ओढ राहते. बँकेच्या कर्जाने गेलेल्याला हप्ते फेडण्यासाठी तेथेच राहावे लागते, आणि मग त्याच्या नावाने ‘देश विसरला’ म्हणून बोटे मोडण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.